म्हण, ताई

ताडगोळेवाल्याची पहिली हाक खालून आली की लोक पिशव्या घेऊन जिने उतरतात. मी खिडकी लावून घेते. ताडगोळ्यांनी माझं काही वाकडं केलेलं नाही. पण ती हाक आली की मे महिना आला, आणि मे आला की मला मालाडची ती शाळा आठवते आणि माझं डोकं फिरतं. इतकी वर्षं झाली, वय झालं, रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्या, तरी फिरतं.

यंदा त्याच सकाळी तळमजल्यावरची सुवर्णा फाटकाशी भेटली. नवी साडी, नवी पर्स. "काकू, आठवडाभर ट्रेनिंग आहे अंधेरीला. लहान मुलांशी आणि त्यांच्या पालकांशी कसं वागायचं त्याचं. हॉल एसी आहे!" या मुलीने आपली दोन धाकटी भावंडं कडेवर वाढवली आहेत. सध्या नाक्यावरच्या बालवाडीत तिच्याभोवती पोरं गुळाला मुंग्या लागाव्यात तशी असतात. "जा बाई, शिकून ये," मी म्हटलं. टोमणा तिला कळला नाही. साधी आहे पोर.

शिकण्याला माझा विरोध नाही हं. मीही उभा जन्म बालवाडीत काढलाय. पण शिकवणाऱ्यांचा तोरा मला सहन होत नाही. तो मी पहिल्यांदा पाहिला तो त्या मालाडच्या उन्हाळ्यात. पन्नास सालानंतरचे ते दिवस. उपनगरात जिकडेतिकडे बालवाड्या निघत होत्या आणि शिकलेल्या बायका हव्या होत्या. मी मॅट्रिक होऊन घरी बसले होते. आई म्हणाली, शिबिराला जा, सर्टिफिकेट मिळालं तर नोकरी लागेल, नाहीतर दिवाळीनंतर तुला उजवून टाकते. मी ट्रंक भरली.

तेव्हाचं मालाड म्हणजे काय ते आताच्या लोकांना सांगून पटायचं नाही. स्टेशनाच्या पश्चिमेला थोडं चाललं की वाड्या. विहिरींवर रहाट चालायचे, त्यांची कुरकुर दुपारभर ऐकू यायची. ताडांच्या ओळी. वारा खाडीकडून आला की सुकत घातलेल्या बोंबलांचा वास, गावाकडून आला की पिकत घातलेल्या आंब्यांचा. दोन्ही वास एकदम आले की आमच्यातल्या शहरी मुली नाकाला पदर लावायच्या. मला मात्र तो मिसळलेला वास आवडायचा. आजही कुठे आला तर मी क्षणभर थांबते, आणि मग लगेच सुलोचनाबाई आठवतात आणि वासाचीही मजा जाते.

सुलोचनाबाई आमच्या शिबिराच्या प्रमुख. विलायतेत सहा महिने राहून आल्या होत्या आणि दर सहा वाक्यांनी त्याची आठवण करून द्यायच्या. पांढरी स्वच्छ साडी, मनगटावर घड्याळ, हातात पितळेची छोटी घंटा. बोलणं संपलं की घंटा, जेवण झालं की घंटा, कुणी हसलं की घंटा. "पोर" म्हणायचं नाही, "बालक" म्हणायचं. "रडतंय" म्हणायचं नाही, "ते आपली भावना व्यक्त करतंय" म्हणायचं. डोंबलाची भावना! पोटात कळ आली की पोर रडतं, त्याला तुमच्या भावना व्यक्त करायला वेळ असतो होय?

आणि सगळ्यात कहर म्हणजे तिथे एकही मूल नव्हतं. मे महिना, शाळा बंद, मुलं आजोळी. लहानलहान बाकं भिंतीला लावून ठेवलेली, फळ्यावर मार्चमधली बेरीज अजून तशीच. त्या रिकाम्या शाळेत आम्ही चाळीसएक बायका मुलांशी कसं वागावं ते शिकत होतो. सराव पाठ असायचे. म्हणजे एकीने शिक्षिका व्हायचं आणि बाकीच्यांनी तीन वर्षांची बालकं. बोरिवलीच्या घरतबाई, नऊवारी नेसणाऱ्या, चांगल्या जाडजूड, मांडी घालून बसायच्या आणि विचारायच्या, "बाई, मी अजून किती वेळ रडू? घसा सुकला." आम्ही पदरात तोंड घालून हसायचो. घंटा वाजायची.

पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलेला नियम मला अजून पाठ आहे. बालवाडीत आई नसते. तिथे ताई असते. बालक शिक्षिकेला आई म्हणालं तर ते लाडाने चालवून घ्यायचं नाही. खाली बसायचं, त्याच्या डोळ्यांत बघायचं आणि शांतपणे म्हणायचं, "आई घरी आहे. मी ताई. म्हण, ताई." बालकाने म्हटलं की तालात तीनदा टाळी द्यायची. शाबास टाळी. हे आमच्याकडून रोज घोकून घेतलं. घरतबाई मला "आई" म्हणायच्या, मी त्यांना "म्हण, ताई" म्हणायची, आणि त्या माझ्या आईच्या वयाच्या बाई निमूट "ताई" म्हणायच्या. टाळ्या. काय तो तमाशा!

दुसरा नियम होता, शिबिरात कुणीही आपली मुलं आणायची नाहीत. लक्ष विचलित होतं म्हणे. मुलांसाठीचं शिबिर आणि मुलांना मज्जाव. ज्यांच्या डोक्यातून हे निघालं त्यांना आम्ही वाकून नमस्कार करत होतो. आणलेलं आढळलं तर त्याच दिवशी घरी पाठवणार, सर्टिफिकेट नाही.

या नियमावर कमलचं सगळं अडलं होतं.

कमल माझ्या शेजारच्या चटईवर झोपायची. माझ्याहून तीनचार वर्षांनी मोठी. बारीक, सावळी, आवाज इतका गोड की ती गाणं म्हणायला लागली की घरतबाईसुद्धा खरोखरच्या बालकासारख्या गप्प व्हायच्या. नवरा टायफॉइडने गेलेला. ती दोन वर्षांच्या मुलीला, नंदाला घेऊन घाटकोपरला दिराच्या घरी राहत होती. दीर बिचारा बरा. जाऊ वाईट नव्हती, पण तिला मूल नव्हतं, आणि कमलच्या नंदाला ती दिवसभर मांडीवरून उतरू द्यायची नाही. कमल चुलीपुढे आणि नंदा जावेपुढे. जाऊ तिला शिकवायची, "मला मोठी आई म्हण." मग हळूहळू "मोठी" गळायला लागलं.

"महिनाभर ठेवून आले असते ना तिच्याकडे," कमल मला म्हणाली, "तर परत गेल्यावर पोर माझ्याकडे पाहुणी बाई आली म्हणून बघत बसली असती. ते मी होऊ देणार नाही. सर्टिफिकेट मिळालं की मुलुंडच्या बालवाडीत जागा आहे, मागे खोलीही देतात. मग ती आणि मी. तोपर्यंत काहीही करायला लागलं तरी करीन."

काहीही म्हणजे तिने नंदाला बरोबर आणलं होतं. शाळेच्या मागे गावठाणात रोजाबाई म्हणून एक बाई राहायची. तिच्या विहिरीवर आम्ही कपडे धुवायला जायचो. रोजाबाईचं तोंड फार वाईट. कावळ्यांना, उन्हाला, पाद्रीबाबाला, सगळ्यांना शिव्या. पण कमलने पहिल्याच दिवशी तिच्यापुढे पोर ठेवली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "ठेव. जेवते काय?" झालं. त्यानंतर रोज पहाटे आणि संध्याकाळी कमलचे कपडे मळायचे. चाळीस बायकांत तिच्याइतकी स्वच्छ कुणी नव्हती. सुलोचनाबाईंनी तर भर वर्गात तिचं कौतुक केलं. मला इतकं हसू आलं की माझ्यावर घंटा वाजली.

मी बरेचदा तिच्याबरोबर जायची. विहिरीच्या काठावर बसून कमल पोरीला भरवायची; भात आणि रोजाबाईच्या हातचं सुकटीचं कालवण. आम्ही मासे न खाणारे, कमलही, पण नंदा मिटक्या मारत खायची आणि हात चाटायची. करवंदांनी जांभळे झालेले ओठ. मानेवर घामोळं, त्यावर कमल फुंकर घालायची. पोर "आई, आई" करत तिच्या पाठीवर चढायची, आणि कमल दर वेळी "ओ" द्यायची. एकदाही चुकायची नाही. एवढा "ओ" काय द्यायचा, मी म्हणायची. ती म्हणायची, "देऊ दे गं. दिवसभराचा साठलेला असतो."

या गोष्टी कुठल्या शिबिरात शिकवतात? आणि शिकवायला गेले तर त्याचं काय करतील ते मला पक्कं ठाऊक आहे. फुंकर किती इंचांवरून घालावी ते फळ्यावर लिहितील.

शेवटच्या दिवशी आदर्श पाठ होता. मुंबईहून समितीच्या बायका येणार, मोटारीतून. त्यांच्यापुढे आमच्यातल्या एकीने खऱ्या बालकांना शिकवून दाखवायचं. एकीने म्हणजे कमलनेच, दुसरं कोण! पण खरी बालकं आणणार कुठून? सुलोचनाबाईंनी गावठाणातली मुलं आणू म्हणून ठरवलं होतं आणि निर्धास्त होत्या. मे म्हणजे गावठाणात लग्नाचा महिना, हे ज्यांना शेजारी कोण राहतं ते ठाऊक त्यांनाच ठाऊक. त्या दिवशी मनोरीला लग्न होतं आणि सगळं गावठाण, पोराबाळांसकट, नटूनथटून होडीने खाडीपलीकडे निघालेलं. बाईंची धावपळ बघण्यासारखी होती. शेवटी शाळेच्या शिपायाची दोन मुलं धरून आणली. त्यातलं एक आठ वर्षांचं, मिशा फुटायच्याच काय त्या बाकी.

मी फाटकाला तोरण बांधत होते. तेवढ्यात रोजाबाई आली. भारीतलं लुगडं, डोक्यात सोन्याचं फूल, आणि कडेवर नंदा. "माज्या भावाच्या पोरीचं लगीन हाय," ती म्हणाली. "होडी सुटंल माजी. तुज्या मैत्रिनीला दे हिला."

माझ्या मागेच घंटा वाजली. सुलोचनाबाई उभ्या होत्या. नशीब, त्या नुकत्याच बाहेर आल्या होत्या.

"हे बालक कुणाचं?"

"या रोजाबाईंकडे असतं, बाई. विहिरीपलीकडे," मी घाईने म्हटलं. एक शब्दही खोटा नव्हता.

रोजाबाईने बाईंना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "बालक नाय, पोर हाय," ती म्हणाली. माझ्याकडे तिने एकदाच बघितलं, तिला काय समजायचं ते समजलं, आणि नंदाला खाली ठेवून ती होडी गाठायला निघून गेली.

"योग्य वयाचं आहे. अनोळखी आहे. उत्तम!" सुलोचनाबाईंनी नंदाचा दंड धरला आणि तिला आत नेलं. मला कमलला सांगायलाही सवड मिळाली नाही.

वर्गात पाहुण्या बायका खुर्च्यांवर, आम्ही भिंतीशी. कमल मधोमध, पुढ्यात लाकडी मणी आणि रंगीत चौकोन. बाईंनी नंदाला दारातून आत सोडलं. पोरीने एवढ्या बायका बघितल्या, तिचा ओठ खाली आला, आणि मग तिला कमल दिसली. "आई!" ती धावत गेली आणि तिने कमलच्या पदरात तोंड खुपसलं.

मी बाईंच्या तोंडाकडे बघत होते. आता संपलं, मला वाटलं. गेली नोकरी, गेली मुलुंडची खोली, पोर जाते आता जावेच्या मांडीवर. पण बाईंच्या चेहऱ्यावर संशयाचा लवलेश नव्हता. त्या खुशीत होत्या! नियम दाखवायची आयती संधी आली होती. त्यांनी कमलला मान हलवून खूण केली. कर सुरू.

एक मूल एका बाईला असं बिलगलेलं होतं, आणि खोलीभर बायका बसलेल्या, त्यातल्या निम्म्या लेकुरवाळ्या, आणि कुणाच्या डोक्यात येऊ नये की ही तिची आई आहे? शिकून माणसं आंधळी होतात म्हणायचं का? मला अजून कळत नाही. मला त्यांची कीव यायला हवी, पण येत नाही, चीडच येते.

कमलने पोरीचे हात पदरापासून सोडवले. खाली बसली. तिच्या डोळ्यांत बघितलं, अगदी शिकवल्याप्रमाणे.

"आई घरी आहे. मी ताई. म्हण, ताई."

नंदा हसली. तिला वाटलं खेळ. "आई," ती म्हणाली.

"ताई. म्हण, ताई."

"आई!" आता मोठ्याने. पाहुण्यांतली एक कौतुकाने च्यक् च्यक् करत होती.

"आई घरी आहे," कमल म्हणाली.  "मी ताई."

पोरीचं हसू गेलं. ती कमलकडे बघत राहिली, ओळखीचं काही शोधत असल्यासारखी. कमल हलली नाही. मग अगदी हळू नंदा म्हणाली, "ताई."

शाबास टाळी! कमलने वाजवली, भिंतीशी घरतबाईंनी वाजवली, खुर्च्यांवर वाजली. "पाहिलंत ना?" सुलोचनाबाई पाहुण्यांना सांगत होत्या. "संपूर्ण अनोळखी बालक. पण पद्धत शास्त्रशुद्ध असली की काही मिनिटांत काय होतं बघा!" मला ती घंटा उचलून विहिरीत फेकावीशी वाटत होती. कमलला पहिल्या वर्गाचं सर्टिफिकेट मिळालं.

संध्याकाळी विहिरीवर तिने पोरीचे पाय धुतले. गावठाण रिकामं होतं, रहाट थांबलेले. "आता कुणी नाही गं राणी," ती म्हणाली. "म्हण, आई." नंदाने तिच्याकडे बघितलं, मोठ्याने "ताई!" म्हणाली, आणि टाळीची वाट बघत राहिली.

"चार दिवसांत विसरेल," मी म्हटलं. कमलही तेच म्हणाली.

नाही विसरली. मुलुंडची नोकरी लागली, मागची खोली मिळाली, दोघी सुखाने राहू लागल्या. पण बालवाडीत सगळी मुलं ताई म्हणत, मग नंदाही ताई. घरी ताई, बाहेर ताई. आपल्यात आईला ताई म्हणणारी पुष्कळ घरं असतात, कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही. एकदा जाऊ भेटायला आली, तेव्हा मी तिथे होते. नंदा दारातून धावली, "मोठी आई आली!" कमलने पटकन स्टोव्हला पंप मारायला घेतला. पुढे मी एकदा विचारलं, सांगत का नाहीस तिला? म्हणाली, "सांगून म्हणायला लावू? एकदा शिकवलं तेवढं पुरे." त्यानंतर हा विषय आमच्यात निघाला नाही.

तर यंदा. सुवर्णा अंधेरीहून परत आली ती डोळ्यांत पाणी घेऊनच. "काकू, शेवटच्या दिवशी त्यांनी अशी सुंदर गोष्ट सांगितली! पूर्वी मालाडला एका शिबिरात एक अनाथ बालक आणलं होतं. ते शिक्षिकेला आईच समजलं. पण शिक्षिकेने पद्धत सोडली नाही, आणि दहा मिनिटांत..."

"गप्प बस," मी म्हटलं. तिला बिचारीला कळेना काय चुकलं. सुलोचनाबाई कधीच गेल्या. फोटोला हार असेल कुठेतरी. पण त्यांची ती घंटा अजून वाजतेच आहे, आता एसी हॉलमध्ये. बरोबर एक अनाथ मूलही तयार केलंय मेल्यांनी!

मी तशीच पायात चपला घालून मुलुंडची बस धरली. कमल पंधरवडाभर तिथल्या हॉस्पिटलात होती. काही बोलत नव्हती, माणसं ओळखत नव्हती. नंदा, आता तीही दोन मुलांची आई, व्हरांड्यात बाकावर बसली होती. मी तिला सगळं सांगितलं. शाळा, विहीर, रोजाबाई, टाळी. कमलने एवढी वर्षं जपलेलं मी तिथे ओतून टाकलं, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. वाटायचं त्यांना वाटू दे.

 नंदा उठली, आत गेली, कॉटपाशी वाकली. मी दारात उभी होते.

"आई," ती म्हणाली. मग पुन्हा, मोठ्याने, "आई!"

कमलने डोळे उघडले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणाला तरी ओळखल्यासारखे. मी मनात म्हटलं, दे गं, आता तरी "ओ" दे. पण ती घाबरली. तिने मान वळवून खोलीभर बघितलं, भिंतीशी, दाराशी, माझ्याकडे. मग नंदाचा हात पदरापासून सोडवावा तसा सोडवत अगदी हळू म्हणाली, "श्श. बाई बघतायत. मी ताई. म्हण, ताई."

नंदाने माझ्याकडे बघितलं. 

"ताई," नंदा म्हणाली.

चादरीवर कमलचे दोन्ही हात जवळ आले, आणि तिने तीनदा टाळी दिली. आवाज झाला नाही.